सहा पानांनी एकदा

दाजी पेठेत दुपारी तीनला
पंखासुद्धा नुसता उकाडा ढवळतो.
नान्ना जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर,
तिथली भिंत गार असते म्हणून.
मांडीवर मी आणलेलं रंगीत ई-रीडर,
चेहरा असा, की कुणी
अर्धवट रंगलेलं सूत पुढ्यात टाकलंय.

"चारशे सतरा नंबर हा?"
हो, नान्ना.
"हा लाल नाही.
हा तीन धुण्यांनंतरचा लाल."

त्यांच्या शेडच्या वहीला कसर लागली होती.
एकतीस वर्षांची वही, पानापानावर सुताचे गोंडे डकवलेले,
शेजारी आकडे, थोडं तेलुगू, थोडं मराठी.
मी पानं स्कॅन केली, टिपा खाली टाइप केल्या.
वाटलं, झालं काम.

ओल्या सुताकडे बघून
वाळल्यावरची शेड सांगणारा हा माणूस,
येमूल नरसय्या, रंगमास्तर.
त्यांना सांगितलं,
काचेखाली काळे-पांढरे कण असतात,
वर लाल, हिरवी, निळी जाळी,
काळ्याला चार घरं मिळतात तिथं रंगाला एक,
आणि जाळीच निम्मा उजेड पिऊन टाकते.

"मग जाळी पातळ कर."

जाळी माझ्या हातात नाही.
माझ्या हातात वाचायचं ॲप आहे, त्याचा उघडा कोड,
आणि रविवार.

पहिल्या रविवारी रंग चढवला.
गड्ड्याच्या जत्रेतल्या बाहुल्यांसारखी
सगळी पानं गाल रंगवून बसली.
नान्ना हसले नाहीत.
"मीठ एकदम ओततं का कुणी हौदात?
तीन हप्त्यांत घालायचं.
गडदाला शिवू नको. फिकट आहे त्यालाच पाज."

मी गडद तसंच ठेवलं.
मधल्या छटा वर उचलल्या, थोड्या,
मग थोड्या,
मग उगीच वाटेल इतक्या थोड्या.
शेंगाचटणीची बोटं पुसून ते बघत राहिले.
"आता दोन धुणी," म्हणाले.

मग टिपांवर आले.
"दुसऱ्या हौदात" मधला र
सुटून पडला होता, य पासून लांब,
यात्रेत हात सुटलेल्या पोरासारखा.
शोधायला दोन रात्री लागल्या.
त्या दोघांना धरणारं एक न दिसणारं चिन्ह असतं,
ॲप ते कचरा समजून गाळत होतं.
कोडची एक ओळ खोडली,
र परत य च्या अंगाला बिलगला.
ते नान्नांच्या लक्षातही आलं नाही.
बरोबर असलेलं कुणाला दिसतं?

राहिली सावली.
पान उलटलं तरी मागचं पान
फिकट मागे रेंगाळायचं,
निळ्यात मागचा पिवळा.
पडदा पूर्ण पुसायचा तर तो एकदा काळा होतो,
"लाईट गेली का?" म्हणून नान्ना दचकले होते,
म्हणून मी पुसणं बंदच ठेवलं.
ते माझ्यावर चिडले, खरंच चिडले,
"हौद धुवायचा आळस, आणि पुढची लॉट वाया!"

सहा पानांनी एकदा, असं ठरलं.

काल मात्र त्यांनी ट्रंक उघडली.
मूळ वही काढली, डांबरगोळ्यांचा वास,
चारशे सतरा काढून ई-रीडरच्या शेजारी धरला.
कसरीनं अर्धा खाल्लेला गोंडा.
तोही दोन धुण्यांचा.
अगदी तसाच, एक शेडचाही फरक नाही.

कधी उतरला हा,
एवढंच ते म्हणाले, कुणाला ते कळलं नाही.
खालून बोल्लींच्या पॉवरलूमचा आवाज येत होता,
मग जेवणाची सुट्टी झाली आणि तोही थांबला.
माझं बोट स्लायडरवर होतं.
अजून चढवू का, असं विचारणार होते,
विचारलं नाही.

त्यांनी वही ट्रंकेत ठेवली,
ई-रीडर मांडीवर घेतला,
चारशे अठरा, चारशे एकोणीस,
ओठ हलवत वाचत गेले.

संध्याकाळी निघताना जिन्यातून हाक:
"सुगुणा, सहा नको.
चार कर."